ग्वोझ्देनची बंदूक

२४ ऑक्टोबर, रविवार

गोळी लागली डुकराला आणि सुळा बसला ग्वोझ्देनला.

चाचाकच्या इस्पितळातून आत्ताच परतलो. बायकोनं, स्तानोयकानं, पुढ्यात ठेवलेलं सूप गार होतंय. मुलीनं दिलेली ही वही कोरीच पडून होती, ती आज उघडली. कुणाशी तरी बोलायला हवं, आणि बायकोशी बोलवत नाही.

डुकरांचा हाका गोलिया डोंगराच्या उतारावर होता. मी खाली ओढ्यापाशी, ग्वोझ्देन माझ्या वरच्या अंगाला, मोठ्या बीचच्या झाडाजवळ. सुरुवातीला क्रस्तोनं नेहमीचं सांगितलं. तो आमच्या शिकारमंडळाचा म्होरक्या आहे आणि गेली कित्येक वर्षं एकच वाक्य बोलतो: "सळसळीवर गोळी झाडायची नाही. आधी बघायचं, मग चाप." आम्ही टोप्या हातात घेऊन उभे होतो, मनात म्हणत होतो, आटप लवकर, थंडी वाजतेय.

कुत्री भुंकत खाली आली. झुडपात काळं हललं. मी गोळी झाडली. ती पोटात बसली. जनावर कोसळलं नाही, वर वळलं आणि थेट ग्वोझ्देनच्या मांडीत शिरलं. क्रस्तोनं धावत जाऊन ते संपवलं.

"नीट दिसलं होतं ना तुला?" क्रस्तोनं नंतर विचारलं.

"तळहातावर असल्यासारखं."

"मग पोटात कशी गेली?"

"ऐन वेळी हललं."

तो मान हलवत गेला. असं होतं कधीकधी, सगळेच म्हणाले. जीपमध्ये ग्वोझ्देनला आडवं घातलं तेव्हा तो म्हणाला, "राकिया आहे का कुणाकडे? जखमेवर ओतायला नको, मला प्यायला." सगळे हसले. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि डोळे मिटले.

मांडीचा मोठा स्नायू फाटलाय. पाय वाचेल म्हणतात.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

दुग्धशाळेची गाडी घेऊन दुधाची फेरी केली. धुकं फार होतं. ल्युबिंकाबाईच्या फाटकासमोरून तसाच पुढे गेलो, त्या बरणी घेऊन मागे धावत आल्या. "अरे रातोमिर, मी काय भूत आहे का? लाल शाल घालून उभी होते." मी म्हटलं, "धुकं बघा ना केवढं आहे." त्या आकाशाकडे बघायला लागल्या.

यंदा धुकं लवकर पडलंय आणि सारखंच असतं.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

इस्पितळात गेलो. स्तानोयकानं सायीचा कायमाक आणि भाजलेल्या मिरच्या दिल्या होत्या. ग्वोझ्देनचा पाय दोऱ्यांनी वर टांगलाय. त्याची बायको विदोसावा खिडकीशी बसली होती. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली, आणि तेच मला जड गेलं.

"कूम," ग्वोझ्देन म्हणाला, "त्या बंदुकीवर दुर्बीण बसव आता."

मला वाटलं चेष्टा करतोय. माझ्या लग्नात हाच साक्षीला उभा होता, माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून हाच उभा राहिला, तेव्हापासून तो माझा कूम आणि मी त्याचा. आणि ही बंदूक त्यानंच मला दिलेली, बाप्तिस्म्याच्या दिवशी. देताना काय म्हणाला होता ते सगळ्या गावाला पाठ आहे: "ही कापायची नाही. लोक कापतात, घासतात, नटव्या पोरासारखी करतात. ही दोन सैन्यांतून चालत आलीय, तिला तशीच राहू दे."

"तूच नको म्हणाला होतास," मी म्हटलं.

"तेव्हा आपण तिशीत होतो. चष्मा लाव, नाहीतर दुर्बीण लाव. काहीतरी लाव, माणसा."

विदोसावा हसली नाही.

३० ऑक्टोबर, शनिवार

बंदूक टेबलावर ठेवून बसलो होतो. सैन्यानं जुन्या बंदुका शिकाऱ्यांना विकायला काढल्या तेव्हा ग्वोझ्देन क्रागुयेवाचला रांगेत उभा राहिला होता. ढिगातून अशी शोधून काढली की नळीवर, बोल्टवर, दस्त्यावर सगळीकडे एकच आकडा. म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हापासून हिचा एकही अवयव बदललेला नाही. अक्रोडाचं लाकूड नळीच्या टोकाजवळपर्यंत गेलंय. माथ्यावर जुनी राजमुद्रा अर्धी घासलेली. ती बोटानं कळते.

दुर्बीण बसवली की हे सगळं जाणार. पण दुर्बीण असती तर त्या दिवशी गोळी खांद्यात बसली असती, डुक्कर जागेवर पडलं असतं आणि ग्वोझ्देन आज घरी बटाटे काढत असता. असा हिशोब मी रोज करतो. त्यात चूक सापडत नाही.

स्तानोयका म्हणाली, "बंदुकीकडे काय बघत बसलास? ती काय बोलणार आहे?"

३ नोव्हेंबर, बुधवार

इवान्यित्सात दोब्रिवोयेकडे गेलो. तो बंदुका दुरुस्त करतो आणि त्याहून जास्त बोलतो. त्यानं माझी बंदूक हातात घेतली, आकडे वाचले आणि शीळ घातली.

"हिला भोकं पाडायची? रातोमिर, लोक अशी एक शोधत फिरतात. दुसरी साधी शिकारी बंदूक घे, हिला भिंतीवर टांग."

"भिंतीवर टांगायला दिली नव्हती मला."

"ठीक. मग ऐक. माथ्यावर पोलादात तीन भोकं. बोल्टची मूठ सरळ आहे, ती वर उचलली की दुर्बिणीला लागेल, म्हणून तापवून खाली वाकवायची. मागचा खटकाही बदलायचा. लाकूड इथून कापायचं, वजन कमी होईल. छान होते मग, पण नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही. पाडलेलं भोक बुजवता येतं, पण ते भोकच राहतं."

मग त्यानं एक दुर्बीण माझ्या डोळ्याला लावली, कुठे बसवायची ते ठरवायला. नदीपलीकडच्या चर्चचं घड्याळ बघ म्हणाला. "किती वाजले सांग." नुकतेच अकराचे टोल पडून गेले होते. "अकरा," मी म्हटलं, "आणि वर दोन मिनिटं असतील."

"बघ, गरुडासारखी नजर," तो म्हणाला आणि मापं घ्यायला लागला.

घड्याळ दिसलं मला. पांढरं गोल होतं. काटे म्हणाल तर ऊन होतं काचेवर. टोल ऐकले म्हणून काय झालं, अकराच वाजले होते.

बंदूक तिथेच ठेवून आलो.

४ नोव्हेंबर, गुरुवार

बंदूक परत घेऊन आलो. दोब्रिवोये म्हणाला, "नवरीचा बाप बरा, असलं गिऱ्हाईक नको."

७ नोव्हेंबर, रविवार

आज चर्चमध्ये मेणबत्ती लावली ग्वोझ्देनसाठी. बाहेर क्रस्तो भेटला. पुढच्या हाक्यात येणार का म्हणाला. मी म्हटलं, बंदुकीचं काम काढलंय. "डुकराचं डोकं मी ठेवलंय," तो म्हणाला, "दोन्ही सुळे. तुला हवे असतील तर ने." मला शिसारी आली.

एक गोष्ट लिहितो. तळहातावर असल्यासारखं दिसलं असं मी क्रस्तोला म्हटलं. तेवढं स्पष्ट नव्हतं. दुपार ढगाळ होती. झुडपात दोन काळे डाग होते, एक वर आणि एक खाली. खालचा हलला म्हणून मी त्याच्यावर नेम धरला. अनुभवी माणूस आहे मी. हलणारं म्हणजे जनावर.

वरचा डाग खोड असेल असं वाटलं होतं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

ग्वोझ्देन घरी आला. मी दूध टाकून परस्पर त्याच्याकडे गेलो. काठी घेऊन चुलीपासून पलंगापर्यंत चालून दाखवलं त्यानं, कपाळावर घाम. "बघ, नाचतोय मी," म्हणाला. "पण डोंगर संपला. आता उतारावर उभं राहायचं म्हणजे तासभरसुद्धा जमणार नाही."

"सगळं माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. हे वाक्य मी दर खेपेला म्हणतो. तो दर खेपेला म्हणतो, सोड रे. आज म्हणाला नाही.

"काय झालं तुझ्यामुळे?" त्यानं विचारलं.

"गोळी पोटात बसली."

"बरं," तो म्हणाला. "दुर्बिणीचं काय झालं?"

सांगितलं, घेऊन गेलो होतो, परत आणली. हात धजावत नाही, तुझी भेट आहे.

"मी म्हणतोय ना, बसव. दोब्रिवोयेनं तुला दुर्बिणीतून बघायला लावलं का?"

"लावलं."

"आणि?"

"म्हणाला, गरुडासारखी नजर."

ग्वोझ्देन भिंतीकडे तोंड करून झोपला. पाय दुखत असणार. विदोसावा फाटकापर्यंत आली. फाटकाची कडी धरून म्हणाली, "कूम, डुक्कर दिसलं होतं ना तुला?" मी हो म्हटलं. तिनं कडी लावली.

एवढं सगळं होऊन दोघं मला एका शब्दानं दोष देत नाहीत. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१७ नोव्हेंबर, बुधवार

स्तानोयका हल्ली सकाळी गाडीत माझ्याशेजारी येऊन बसते. म्हणते घरी करमत नाही. रस्ताभर बडबड. "हे वळण किती वाईट आहे ना डावीकडचं." "हा बघ वासिलियेचा बैल रस्त्यात." "शाळेची पोरं निघाली, हळू घे." तीस वर्षांच्या संसारात ती इतकी बोलली नव्हती. म्हातारपणी माणसाला सोबत हवी असते. मला बरं वाटतं. तिच्या बोलण्यात रस्ताही लवकर सरतो. ती आल्यापासून एकही फाटक चुकलं नाही.

मुलीनं व्हिएन्नाहून फोनवर विचारलं, बाबा, डोळे तपासले का. आईनं सांगितलं असणार काहीतरी. डोळे तपासले आणि डॉक्टरनं काही लिहून दिलं तर दुग्धशाळेचा मुकादम दुसऱ्या दिवशी किल्ली मागेल. त्यांना तरुण ड्रायव्हर हवाच आहे. मी सत्तावन्नचा. या डोंगरात दुसरं काय करणार मी?

शिवाय मला दिसतं. नळीच्या टोकाची नेम धरायची माशी तेवढी धूसर होते, ती या वयात सगळ्यांची होते. म्हणून तर दुर्बीण.

२० नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं. बंदूक दोब्रिवोयेकडे नेऊन दिली आणि सांगितलं, कर. मी दारातून वळेपर्यंत त्यानं ती पकडीत आवळलीसुद्धा. "थांबतोस का? पहिलं भोक बघायला?" मी थांबलो नाही, पण रस्त्यावर येऊनही यंत्राचा आवाज कानात आला. पोलादाचा आवाज बारीक आणि लांबत जाणारा असतो.

ग्वोझ्देननं सांगितलं म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगतोय. पायामुळे त्याचं मन बदललं असेल. मग मला चोरी केल्यासारखं का वाटतंय?

२७ नोव्हेंबर, शनिवार

आणली. हलकी झालीय. लाकूड निम्म्यावर कापलंय, पुढे नळी उघडी. बोल्टची मूठ खाली वाकलीय, मान खाली घातलेल्या माणसासारखी. कापलेला तुकडा दोब्रिवोयेनं वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला. तो कुठे ठेवावा कळेना, शेवटी कपाटावर टाकला.

अंगणातून डोळ्याला लावून बघितलं. समोरच्या टेकडीवर उजेड होता, दुधासारखा. आकार येतात आणि जातात. सवय व्हायला वेळ लागतो म्हणतात.

स्तानोयका दारात उभी होती. "काय दिसतं?"

"टेकडी."

"टेकडीवर?"

"टेकडीवर काय असणार?"

ती आत गेली. नंतर मी गेलो तेव्हा ती कांदा चिरत होती आणि डोळे पुसत होती.

१२ डिसेंबर, रविवार

सगळं आजच लिहून काढायला हवं, उद्या मी ते वेगळं सांगेन.

हाका होता. बर्फ घोट्यापर्यंत. ग्वोझ्देन काठी टेकत आला, विदोसावाच्या शिव्या खात. हाक्यात नाही, म्हणाला, कूमशेजारी नुसता बसणार, त्याची नवी दुर्बीण बघणार. क्रस्तो नको म्हणत होता. ग्वोझ्देननं त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, मग क्रस्तोनं आम्हाला सगळ्यांत कडेची जागा दिली, रानाच्या पार खालच्या टोकाला, जिथे कधीच काही येत नाही.

ओंडक्यावर बसलो. ग्वोझ्देन म्हणाला, "दाखव." मी बंदूक दिली. त्यानं ती मांडीवर घेतली, दुखऱ्या नाही, दुसऱ्या. भोकांच्या जागी अंगठा फिरवला. बोल्ट पुढेमागे केला दोन-तीनदा. कापलेल्या लाकडाची कड चाचपली. "नीट केलंय," म्हणाला आणि परत दिली. मला वाटलं आता रागावेल, निदान हळहळेल. माझं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होतं, हातांकडे नव्हतं.

कुत्री लांब भुंकत होती. बऱ्याच वेळानं त्यानं माझ्या कोपराला स्पर्श केला. "तिकडे बघ. मोकळ्या जागेच्या पलीकडे."

मी दुर्बिणीला डोळा लावला. पांढऱ्यावर काळं होतं.

"आहे?" तो कुजबुजला.

"हो."

"काय आहे?"

"डुक्कर. मोठं. आडवं उभंय."

मी श्वास सोडला आणि चाप ओढला. नुसता खट आवाज झाला.

मी बोल्ट मागे घेतला. आत काही नव्हतं. ग्वोझ्देननं मूठ उघडली. माझी काडतुसं त्याच्या तळहातावर होती.

"ते खोड आहे," तो म्हणाला. "उन्हाळ्यातल्या वादळात पडलेलं स्प्रूस. आणि त्याच्या डाव्या हाताला काय आहे?"

मी पुन्हा बघितलं. "काही नाही."

"क्रस्तो उभा आहे. नारिंगी जाकीट घालून. हात हलवतोय आपल्याला."

मी पुन्हा डोळा लावला. पांढरं होतं.

"क्रस्तोला सगळं सांगून मी त्याला तिथे उभं केलं," ग्वोझ्देन म्हणाला. "बंदूक रिकामी आहे हे त्यानं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. तरी आला. त्याला खरं वाटत नव्हतं."

मी म्हटलं, "त्या दिवशी दोन डाग होते." मग बाकीचं आलं. वरचा कोणता, खालचा कोणता, कळलं नव्हतं. एक हलला. दुसरा झाडाच्या जागी होता आणि त्या झाडापाशी तू आहेस हे मला माहीत होतं, तरीही.

"दुसरापण हलला होता," ग्वोझ्देन म्हणाला. "तुझी नळी माझ्याकडे वळताना मी बघितली. आधी मी हात केला. मग झाडामागे पडलो. कूम, मी डुकराकडे पाठ केली, कारण मी तुझ्याकडे बघत होतो."

वरून हाकाऱ्यांचे आवाज येत होते. मी विचारलं, त्याच दिवशी का नाही बोललास.

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. दर खेपेला तू कायमाक घेऊन यायचास आणि पोटात बसली, पोटात बसली म्हणायचास. मग मी म्हटलं दुर्बीण बसव. वाटलं, दोब्रिवोये बघायला लावेल, त्याला कळेल, तो तुला घरी पाठवेल. मला बोलावं लागणार नाही." तो थांबला. "त्याला कसं फसवलंस?"

"चर्चचे टोल ऐकले."

ग्वोझ्देन हसला. ते हसणं मला मारल्यासारखं लागलं. "म्हणजे बंदूक उगाचच कापली गेली," म्हणाला. मग काठीवर जोर देऊन उठला. मी हात पुढे केला, तो त्यानं घेतला नाही.

"आणि तू रोज सकाळी गाडी चालवतोस," जाता जाता म्हणाला. "पोरं शाळेत जातात तेव्हा. उद्या मुकादमाला तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

१३ डिसेंबर, सोमवार

सकाळी त्याचा राग आला होता. आमिष लावून कोल्हा धरावा तसा मला धरला. मित्राशी असं वागतात? असं सगळं मनात बोलत गाडीपर्यंत गेलो. स्तानोयका आधीच शेजारी बसली होती, डोक्याला रुमाल बांधून.

मी म्हटलं, "आज वळणं सांगू नकोस. बघू मला दिसतात का."

ती म्हणाली, "मग मी उतरते. आणि तूही उतर."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तू मेजावरचं मीठ चाचपून घेतोस, रातोमिर. मला वाटलं, जोवर मी शेजारी आहे तोवर कुणाला काही होणार नाही. तुझी नोकरीपण राहील. मीसुद्धा काय शहाणी नाही. रोज ती पोरं दिसली की मी दाराची मूठ घट्ट धरायचे, आणि दुसऱ्या दिवशी मी परत येऊन बसायचे."

आम्ही दोघं तशीच बसलो, गाडी बंद. एरवी ती इतकं चालत नाही, पण आज आम्ही तीन गावं ओलांडून दुग्धशाळेपर्यंत चालत गेलो. किल्ली मुकादमाच्या टेबलावर ठेवली. त्याला वाटलं पगारवाढ मागायला आलोय. सांगितल्यावर म्हणाला, "कधीपासून?" मी म्हटलं, उन्हाळ्यापासून. मग म्हटलं, नाही, त्याच्याही आधीपासून. तो उठून खिडकीपाशी गेला. त्याची नात त्याच रस्त्यानं शाळेत जाते, हे मला तेव्हा आठवलं.

१९ डिसेंबर, रविवार

घरचा सण, सेंट निकोलस. मासे, मेणबत्ती, उकडलेले गहू, पाद्र्यांनी पावाला आशीर्वाद दिला. ग्वोझ्देन आला नाही. विदोसावा एकटी आली, गव्हाचा घास घेतला.

"पाय दुखतोय का त्याचा?" मी विचारलं.

"दुखतोय," ती म्हणाली. "पण आला नाही तो त्यामुळे नाही."

पाहुण्यांना राकिया ओतताना पेल्याची कड चुकली आणि टेबलावर सांडली. आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून स्तानोयकानं बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

२९ डिसेंबर, बुधवार

डोळ्यांचा डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा शस्त्रक्रियेनं उघडेल. उजव्याचा पडदा मागून खराब झालाय, त्यानं आता फारसं दिसायचं नाही. उजवा म्हणजे नेम धरायचा. "दुर्बिणीचा उपयोग झाला असता का?" मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "कसल्या दुर्बिणीचा?"

"काही नाही," मी म्हटलं.

१५ जानेवारी, शनिवार

ग्वोझ्देन आला. आत यायला तयार नव्हता, अंगणातच उभा राहिला. "बंदूक दे," म्हणाला.

मी आणून दिली. त्याला काय म्हणावं हे हाक्याच्या त्या दिवसापासून मनात घोळवत होतो. "मी खराब केली," मी म्हटलं.

"खराब कशानं? माझ्या उपयोगाची झाली आता. उतारावर उभं राहता येत नाही मला. मचाणावर बसून, दुर्बिणीतून. हलकी आहे, खांद्यावर पेलते." त्यानं ती डोळ्याला लावली, धुरांड्याकडे बघितलं. "धुरांड्यावर कावळा आहे तुझ्या. चोचीत काडी." मग खाली घेतली. "ती कापलेली मला बघवत नाही, ही वेगळी गोष्ट. पण मी म्हणालो म्हणून तू कापलीस. तो दोष माझ्याकडे."

"तुझ्याकडे काही नाही."

"माझ्याकडेच," तो म्हणाला. "मीपण सरळ बोललो असतो तर तिला एकही भोक पडलं नसतं. परवान्याचे कागद सोमवारी करू." आणि गेला.

कपाटावरचा तुकडा द्यायचा राहिला. का कुणास ठाऊक, मी मागे धावलो नाही.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

काल डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आज सकाळी पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंचे केस पांढरे आहेत हे आज कळलं. हाताच्या शिरा दिसल्या. स्वतःचे हात इतके म्हातारे झालेत, कुणी सांगितलं नव्हतं.

घाटात बर्फ असल्यानं बस बंद होती. स्तानोयकानं न विचारता ग्वोझ्देनला फोन केला होता. मी इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसलो होतो, पिशवी मांडीवर. तो दुसऱ्या टोकाच्या दारातून आत आला.

आजवर मला वाटत होतं, तो थोडासा लंगडतो. काठीचा आवाज ऐकायचो, एक आकार पुढे यायचा, मी म्हणायचो सुधारतोय. आज मी बघितलं. प्रत्येक पावलाला तो आधी थांबतो, ओठ आवळतो, मग पाय कमरेपासून ओढून पुढे टाकतो, आणि त्या बाजूचं सगळं अंग खाली जातं. लोक वाट सोडून उभे राहत होते. मी शेवटपर्यंत बघितलं, मान फिरवली नाही.

तो येऊन उभा राहिला. धाप लागली होती. "चल. गाडी लांब लावावी लागली."

त्यानं माझी पिशवी घ्यायला हात केला, मी दिली नाही. बाहेर पडलो. मी अगदी हळू चालत होतो.

"का रे," तो म्हणाला, "दिसत नाही का अजून?"

"दिसतंय," मी म्हटलं.